दांडा आधी, हिशेब नंतर

नाशिकच्या दिशेने निघालेला मालट्रक पडघ्याच्या टोलनाक्यावर वेग कमी करतो. काचेवरच्या फास्टॅगमध्ये बॅटरी नसते. वर टांगलेल्या रीडरच्या रेडिओलहरींवरच ती चिप जागी होते आणि आपला नंबर सांगते. दांडा उठतो, ट्रक पुढे जातो. पैसे कापल्याचा मेसेज मात्र कधीकधी वाशिंद आलं तरी आलेला नसतो.

हा उशीर म्हणजे बिघाड नव्हे. बंद केलेल्या आणि पुरेशी शिल्लक नसलेल्या टॅगची यादी नाक्यावरच्या सर्व्हरमध्ये आधीच उतरवून ठेवलेली असते. नंबर त्या यादीत नसला की वाट मोकळी. हिशेब मागाहून होतो: नाक्याची बँक, एनपीसीआयची मध्यवर्ती यंत्रणा, मग टॅग देणारी बँक. १५ फेब्रुवारी २०२१ च्या मध्यरात्रीपासून फास्टॅग सक्तीचा झाला. प्रत्येक गाडीसाठी बँकेच्या होकाराची वाट पाहायची ठरली असती, तर रांगा हटल्याच नसत्या.

जिथे घटना घडते तिथेच निर्णय घेण्याच्या या पद्धतीला एज कंप्युटिंग म्हणतात.

मग क्लाउड कुठे? दूरचा सर्व्हर म्हणजे क्लाउड, हा समज फार पसरला आहे आणि तो चुकीचा आहे. अंतराचा इथे संबंध नाही, प्रश्न भाड्याचा आहे. याच महामार्गालगतची गोदामं पाहिली की ते लगेच कळतं. स्वतःचं गोदाम बांधणाऱ्याला दिवाळीच्या मालाएवढी जागा बांधावी लागते. एरवी तिचा बराच भाग ओस पडतो. सामायिक गोदामात तोच व्यापारी सणापुरते रॅक वाढवतो, नंतर सोडून देतो. क्लाउडमध्ये संगणकाची ताकद अशीच घेता येते: हवी तेव्हा, हवी तेवढी, वापरल्याचे पैसे देऊन. ॲमेझॉनने जून २०१६ मध्ये मुंबईत आपलं क्लाउड केंद्र सुरू केलं, तेव्हापासून तिच्या इथल्या ग्राहकांना त्यासाठी सिंगापूर गाठावं लागत नाही.

पडघ्याला दुरून येणाऱ्या सेवेचं अप्रूप नाही. इथल्या उपकेंद्रात १९९९ पासून चंद्रपूरची वीज येते, ७५२ किलोमीटर लांबीच्या, १,५०० मेगावॉट क्षमतेच्या उच्चदाब एकदिश (एचव्हीडीसी) वाहिनीवरून. तरीही गोदामांच्या मागे जनरेटर उभे असतात. टोलच्या लेनमधली ती यादी त्याच जातीची आहे. नेटवर्क गेलं तरी पुढच्या ट्रकसाठी दांडा उठतो आणि साठलेले व्यवहार लाइन आल्यावर बँकेकडे निघतात.