डुकराच्या पिलाचे दूध तुटते तेव्हा

आमच्या घरी डुकरे आहेत, हे मी प्रथम वर्षात वर्गात कोणालाही सांगितले नाही. आज लिहितो आहे, कारण गेल्या पावसाळ्यात नुकतीच दूध तुटलेली सात पिले आठवड्यात हगवणीने गेली. ती का गेली, हे कळावे म्हणून कृषी शाखेतील मित्राची पुस्तके वाचली. त्यातून जे उमगले ते वाचकांपुढे ठेवतो.

आईच्या दुधातून पिलाला रोगाशी झुंजणारी प्रतिद्रव्ये मिळतात. दूध तुटले की हे संरक्षण संपते आणि पिलाची स्वतःची शक्ती तर अजून कच्ची असते. याच वेळी ई. कोलाय जिवाणूंचे काही प्रकार आतड्याच्या अस्तराला चिकटून विष सोडतात. पिलाला पाण्यासारखी हगवण लागते व ते सुकत जाते.

या अस्तरावर निसर्गाने बुळबुळीत थर दिलेला आहे. जंतू त्यात अडकतात. ज्या प्रथिनाचा हा थर बनतो, त्याला थ्रिओनिन हे अमिनो आम्ल भरपूर लागते. डुकराचे शरीर ते तयार करू शकत नाही. ते खाण्यातूनच यावे लागते. ग्लुटामिन हे दुसरे आम्ल म्हणजे अस्तराच्या पेशींचे सरपणच होय.

मग पेंड भरपूर घालावी काय? तसेही नाही. न पचलेले प्रथिन मोठ्या आतड्यात कुजते व घातक जंतूंना पोसते. म्हणून शास्त्रीय खाद्यात एकूण प्रथिन बेताचे ठेवून लायसिन, थ्रिओनिन, ट्रिप्टोफॅन ही आम्ले वेगळी मिसळतात.

आमची पिले चाकणच्या हॉटेलांतून उरलेल्या भात-चपातीवर वाढतात. पोट भरते, पण लायसिन कमी पडते. आई भाकरीबरोबर डाळ वाढते, त्यात हीच उणीव भरून निघते!

औषधाचे काय? पिंपरीच्या हिंदुस्थान अँटिबायोटिक्समध्ये १९५५ साली पेनिसिलिन बनू लागले. आपल्या भागाला प्रतिजैविकांची महती सांगायला नको. परंतु खाद्यातून रोज थोडे थोडे दिले की जंतू त्याला सरावतात आणि माणसाच्या दुखण्यातही ते औषध लागू पडेनासे होते. म्हणूनच २०१९ साली भारत सरकारने पशुखाद्यातील कोलिस्टिनवर बंदी घातली.

आहाराने सगळेच रोग टळत नाहीत. कोरडी जागा आणि स्वच्छ पाणीही हवेच. या खेपेला अकरा पिले आहेत. वडिलांनी गोठ्यात विटा टाकल्या आहेत. दूध तुटल्यावर उकळलेल्या भातात थोडे शिजवलेले सोयाबीन मिसळायचे, असे आमचे ठरले आहे.