मॅक पत्ता बदलला, तरी वायफाय जुन्यावरच का अडतं?

आमच्या शाळेच्या लॅबमधल्या एका लॅपटॉपचं वायफाय कार्ड गेलं. यूएसबी अडॅप्टर आणून लावला, तरी नेट चालेना. कारण राउटरमध्ये मॅक पत्त्यांची यादी आहे, यादीतल्याच मशीनला तो आत घेतो. शिष्यवृत्तीचे फॉर्म भरायला दोन दिवस उरलेले, आणि राउटरचा पासवर्ड ज्याच्याकडे तो माणूस गावाला गेलेला. म्हटलं, जुन्या कार्डाचा पत्ता नव्या अडॅप्टरला देऊन टाकू. मुख्याध्यापकांची इजाजत घेतली. (दुसऱ्याच्या नेटवर्कवर हा उद्योग करू नका, ती सरळ घुसखोरी आहे.)

डिव्हाइस मॅनेजरमध्ये अडॅप्टरच्या प्रॉपर्टीज, तिथे ॲडव्हान्स्ड, तिथे नेटवर्क ॲड्रेस. बारा अक्षरं कोलन न देता टाकली, अडॅप्टर बंद करून चालू केला. एरर काही नाही, पण गेटमॅक कमांडने बघितलं तर पत्ता कारखान्यातलाच! टायपिंग चुकलं असेल म्हणून तीनदा टाकला.

मसला टायपिंगचा नव्हताच. मॅक पत्ता ४८ बिटांचा असतो. त्याच्या पहिल्या जोडीतलं दुसरं अक्षर महत्त्वाचं. त्यातला शेवटचा बिट सांगतो, पत्ता एका मशीनचा की गटाचा. त्याच्या अलीकडचा बिट सांगतो, पत्ता कंपनीने दिलेला की आपण स्वतः ठरवलेला. एका मशीनचा आणि स्वतः ठरवलेला असेल तर दुसरं अक्षर २, ६, ए किंवा ई यांपैकीच येतं. विंडोज ७ च्या काळापासून बरेच वायफाय ड्रायव्हर फक्त असलाच पत्ता घेतात, बाकी सगळे गुपचूप टाकून देतात. जुन्या कार्डाचा पत्ता कंपनीचा, दुसरं अक्षर ४. म्हणजे त्या ड्रायव्हरवर तो कधीच बसणार नव्हता. ०२ ने सुरू होणारा पत्ता टाकून पाहिला, लगेच घेतला! पण तो यादीत कुठे होता?

लिनक्स निदान कारण तरी सांगतं. 'डिव्हाइस बिझी' आलं तर आधी इंटरफेस डाउन करा, मग पत्ता बदला. 'कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड ॲड्रेस' आलं तर बहुतेक दुसरं अक्षर विषम आहे, म्हणजे पत्ता गटाचा झाला. 'ऑपरेशन नॉट सपोर्टेड' म्हणजे ड्रायव्हरला हे जमतच नाही, दुसरा अडॅप्टर बघा. पत्ता बदलून पुन्हा आपोआप फिरत असेल तर नेटवर्क मॅनेजरवर शंका घ्या, तो स्वतःची सेटिंग लावतो.

मोबाइलचंही तसंच. अँड्रॉइड १० पासून बहुतेक फोन, आणि आयओएस १४ पासून आयफोन, वायफायला बनावट पत्ता देतात. तुमच्या फोनमध्ये बघा, दुसरं अक्षर त्या चारांतलंच सापडेल. यादीवाल्या राउटरला जोडायचं असेल तर त्या नेटवर्कपुरती ती सेटिंग बंद करावी लागते.

आमचं काम शेवटी फोनवरच झालं. तो माणूस संध्याकाळी लागला, त्याने पासवर्ड सांगितला. अडॅप्टरचा मूळ पत्ताच यादीत घातला आणि दुसऱ्या दिवशी सकाळपासून फॉर्म भरायला बसलो. पासवर्ड आता मुख्याध्यापकांच्या कपाटात, बंद पाकिटात आहे.