मॅच तिकडची, चेहरे इथले

येत्या ११ जूनची रात्र सरून १२ तारीख लागलेली असेल. घड्याळात साडेबारा. मेक्सिको सिटीच्या अझ्टेका स्टेडियमवर यजमान मेक्सिको आणि दक्षिण आफ्रिका समोरासमोर येतील आणि फुटबॉलचा वर्ल्डकप सुरू होईल. अमेरिका, कॅनडा, मेक्सिको असे तीन यजमान देश, ४८ टीम्स, १०४ मॅचेस. १९ जुलैची फायनलसुद्धा आपल्या घड्याळात मध्यरात्री साडेबारालाच. म्हणजे सव्वा महिना झोपेचं खोबरं!

आता त्याच सव्वा महिन्यातली आपली रत्नागिरी आठवा. मृगाचा पाऊस लागलेला. १ जून ते ३१ जुलै मासेमारीला बंदी, त्यामुळे मिरकरवाड्याच्या बंदरात बोटी गप्प उभ्या. छोट्या होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारलेल्या. जाळी दुरुस्त करत बसलेली माणसं. ॲडमिशनच्या रांगा. लाइट कधी जाईल याचा भरवसा नाही, त्यामुळे ऐन पेनल्टीच्या वेळी अंधार होण्याची शक्यता दाट.

वर्ल्डकपचे फोटो आपल्यापर्यंत येतील ते तिकडच्या मैदानांवरून. लांबलचक लेन्स घेऊन गोलपोस्टच्या मागे बसलेले शेकडो फोटोग्राफर ते काढतील, आणि ते काम त्यांना आपल्यापेक्षा कितीतरी चांगलं जमतं. आपण टीव्हीचा स्क्रीनशॉट स्टेटसला टाकून त्यात काही भर घालत नाही. पण मिरकरवाड्यात, राजिवड्यात, मारुती मंदिरच्या नाक्यावर या रात्री कशा गेल्या, कोण जागलं, कोण कुणासाठी जागलं, याचे फोटो काढायला तिकडून कुणी येणार नाही. ते काम आपलंच. हातात फोन आहे, सव्वा महिना आहे, आणि गावभर चेहरे आहेत.

मैदानाकडे पाठ

ही कल्पना नवी नाही. २०१० चा वर्ल्डकप पहिल्यांदाच आफ्रिकेत झाला. तेव्हा जेसिका हिलटाउट ही फोटोग्राफर आफ्रिकेतल्या गावागावांतून फिरली. चिंध्या, प्लॅस्टिकच्या पिशव्या आणि सुतळी गुंडाळून मुलांनी बनवलेले बॉल, झिजलेली पायताणं, दोन काठ्यांचा गोलपोस्ट आणि त्यांच्यामागे उभे असलेले खेळाडू तिनं टिपले. 'आमेन' हे तिचं पुस्तक त्यातूनच आलं. त्यात एकही स्टार खेळाडू नाही, तरी फुटबॉल म्हणजे काय ते पान उलटताच कळतं.

२०१४ ला ब्राझीलमध्ये मॅग्नम या प्रसिद्ध संस्थेच्या काही फोटोग्राफर्सनी तिथल्या फोटोग्राफर्ससोबत 'ऑफसाइड ब्राझील' नावाचं काम केलं. वर्ल्डकपच्या दिवसांतला देश त्यांनी स्टेडियमबाहेर उभं राहून पाहिला. नावातच सगळं आलं. बॉल जिथे आहे तिथे सगळेच बघतात. यांनी दुसरीकडे बघितलं.

आपल्याकडे याची सवय डोळ्यांना करून घ्यायची तर आंबा घाट चढून कोल्हापूरला जा. वर्ल्डकप आला की तिथल्या पेठा आणि तालमी मेस्सी, नेमार, रोनाल्डोच्या पोस्टरांनी आणि झेंड्यांनी भरून जातात. शाहू स्टेडियमवर पाटाकडील तालीम खेळत असली की ज्यांनी आयुष्यात बॉलला पाय लावलेला नाही तेही गॅलरीत घसा फोडतात. याच कोल्हापूरचा अनिकेत जाधव २०१७ च्या १७ वर्षांखालच्या वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळला. ती स्पर्धा आपल्याच देशात झाली, नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवरही मॅचेस झाल्या. निकाल इंटरनेटवर एका क्लिकवर सापडतात. पण भारताचा वर्ल्डकपमधला पहिला गोल पाहताना त्या पेठेतल्या आज्जीचा चेहरा कसा झाला होता? तो कुणी टिपला नसेल तर तो आता कुठेच नाही.

९७४

रत्नागिरीकरांना वर्ल्डकप लांबचा वाटावा, असं खरं तर काही नाही. मागचा, २०२२ चा, कतारमध्ये झाला. दोह्यात त्यांनी शिपिंग कंटेनर वापरून एक आख्खं स्टेडियम उभं केलं आणि त्याला नाव दिलं 'स्टेडियम ९७४'. कंटेनर ९७४, आणि कतारचा फोन कोडही ९७४. जगाला ही गंमत तेव्हा कळली. आपल्याकडे राजिवड्यात, मिरकरवाड्यात, खाडीकाठच्या गावांत कितीतरी घरांना हा आकडा आधीपासून पाठ आहे. फोनच्या स्क्रीनवर सुरुवातीला ९७४, ९६५ किंवा ९७१ दिसलं की घरातलं कुणीतरी हातातलं काम टाकून धावतं. मुलगा, नवरा, भाऊ, कुणीतरी आखातात आहे. घरात त्याचा चेहरा आहे, पण तो फोनच्या उभ्या चौकटीत, नेटवर्क असेल तेवढाच.

त्या स्टेडियमचं लोखंड, काँक्रीट आणि काच उभी करणाऱ्यांत हजारो परदेशी कामगार होते. नेपाळ, भारत, बांगलादेशातून गेलेले. मॅचेस सुरू झाल्यावर ते कुठल्याच फ्रेममध्ये नव्हते. मोहम्मद बदारने या पॅलेस्टिनी फोटोग्राफरनं मात्र कॅमेरा नेमका तिकडेच वळवला. त्यानं त्या कामगारांचे आणि मागे राहिलेल्या त्यांच्या घरच्यांचे फोटो काढले आणि त्या मालिकेला नाव दिलं 'फरगॉटन टीम', म्हणजे विसरली गेलेली टीम. त्यातले काही जण कधीच घरी परतले नाहीत. त्यांच्या घरी उरला तो फ्रेम केलेला फोटो. पोर्ट्रेट या शब्दाचं वजन तिथे कळतं.

आता आपल्या बंदरात बघा. आपल्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून आणि आंब्याच्या बागांत राखणदार म्हणून काम करणाऱ्यांत नेपाळी माणसं मोठ्या संख्येनं आहेत. एका गावातला एक भाऊ दोह्यात गेला आणि दुसरा मिरकरवाड्यात आला, असंही असू शकतं. आपण त्याला कधी विचारलेलं नसतं. बंदी लागली की यांतले बरेच जण गावी जातात, म्हणून हे फोटो काढायचे तर मे महिन्यातच निघावं लागेल.

कुणाकडे जायचं?

जर्सी घालून गालावर झेंडा रंगवलेले मित्र आहेतच. त्यांचा फोटो आपोआप निघतो. पण त्यांच्यापाशी थांबू नका.

पहाटेच्या मॅचचा शेवट होतो तेव्हा पेपरचे गठ्ठे सोडणारी मुलं जागी असतात. रात्रपाळीचे वॉचमन, नर्स, रिक्षावाले. वॉचमनकाकांच्या केबिनमध्ये उभ्या केलेल्या छोट्या फोनवर मॅच चालू असते, डोळे एकदा गेटकडे आणि एकदा फोनकडे. स्पोर्ट्सच्या दुकानातला दादा चार वर्षांतून एकदा अर्जेंटिनाचे आकाशी पट्टे दारात टांगतो. जाळं तुणताना मांडीवर फोन ठेवून हायलाइट्स बघणारे तांडेल. चिखलात खेळून आलेल्या पोरांची कपडे धुणारी आई. वर्ल्डकपशी तिचा संबंध फक्त साबणापुरता, पण तिलाही घ्या. रात्री मॅच बघायला घरून परवानगी न मिळणारी आणि सकाळी कॉलेजात स्कोअर विचारणारी मैत्रीण. तिच्या चेहऱ्यावरही वर्ल्डकप आहे.

थोडक्यात, जो मॅच बघतो तो, आणि ज्याच्यामुळे बाकीच्यांना मॅच बघता येते तो. दोघंही हवेत.

उजेड फुकट आहे

पावसात कसले फोटो, असं वाटत असेल तर उलट आहे. ढगाळ आकाश म्हणजे निसर्गानं लावलेला भलामोठा सॉफ्टबॉक्स. उन्हात डोळ्यांखाली काळ्या सावल्या पडतात, पावसाळी उजेडात चेहरा सगळीकडून मऊ दिसतो. माणसाला पडवीच्या कडेला, दुकानाच्या दारात किंवा ओटीवर बसवा, चेहरा बाहेरच्या उजेडाकडे. मागची खोली आपोआप काळोखी होते आणि चेहरा पुढे येतो. महागडा कॅमेरा नको, जागा नीट निवडा.

फोन तोंडाजवळ नेऊ नका. जवळून काढलं की नाक मोठं आणि कान गायब. दोन पावलं मागे जा आणि २एक्स लेन्स वापरा. पोर्ट्रेट मोडचा खोटा ब्लर केसांच्या कडा खातो, शिवाय मागचं जाळं, कपाट, देव्हारा, कॅलेंडर पुसून टाकतो. त्या माणसाची अर्धी गोष्ट तर तिथेच असते.

रात्री मॅच बघणाऱ्यांचे फोटो काढायचे तर टीव्हीच्या बाजूला, कुणाच्या आड न येता बसा. फ्लॅश बंद. खोलीतला दिवाही बंद करायला सांगा, टीव्हीचा उजेड पुरतो. तो मैदानामुळे हिरवट असतो, रिप्ले आणि जाहिरातींबरोबर बदलतो. ते तसंच राहू द्या. स्क्रीनवर बोट ठेवून चेहऱ्यावर फोकस करा आणि ब्राइटनेस थोडा खाली ओढा. मॅन्युअल सेटिंग असेल तर शटर १/५० ठेवा, म्हणजे ट्यूबलाइटच्या पट्ट्या येणार नाहीत. आणि गोल झाल्यावर उड्या मारणाऱ्यांच्या मागे धावू नका. गोल व्हायच्या आधीचे दोन सेकंद बघा, श्वास रोखलेला असतो ते. गोल हुकल्यानंतरचेही. खरा चेहरा तिथे सापडतो.

एसी खोलीतून बाहेर आलात की लेन्सवर वाफ धरते, एक कोरडा रुमाल खिशात असू द्या. खवळलेल्या समुद्राच्या काठाशी कुणालाही पोझ द्यायला उभं करू नका. आणि तटरक्षक दलाचा परिसर, विमानतळ यांच्याकडे कॅमेरा वळवायचा नाही.

काढलेला फोटो परत द्या

आपण फोटो 'काढतो' म्हणतो. शब्द नेमका आहे. समोरच्याकडून आपण काहीतरी काढूनच घेत असतो. मग विचारून घ्यावं. "चाचा, एक फोटो काढू का?" "मावशी, कॉलेजच्या कामासाठी हवाय." बहुतेक वेळा उत्तर येतं, "माझा कशाला?" या प्रश्नाला तुमच्याकडे खरं उत्तर असलं पाहिजे. 'भारी दिसताय' हे उत्तर नाही. 'या दिवसांत इथं कोण कोण होतं ते आम्ही नोंदवतोय' हे उत्तर आहे. तरी नाही म्हणाले तर हसून पुढे जायचं. फोटो काढायला दिलेली परवानगी इन्स्टावर टाकायची परवानगी नसते, ते वेगळं विचारा. लहान मुलांचा फोटो आईवडिलांना विचारल्याशिवाय नाही. आणि दुसऱ्याच्या नोकरीवर राहणाऱ्या माणसाला विचाराल तेव्हा मालक समोर नसू द्या. नाही म्हणायची सोय त्याला असली पाहिजे.

मग नाव. सुधारक ओलवे यांनी मुंबईच्या सफाई कामगारांचं जगणं टिपलं. कचऱ्याच्या ढिगाऱ्यात, गटारात उतरून काम करणारी, शहरानं बघायचंच टाळलेली माणसं त्यांनी शहराला बघायला लावली. पी. साईनाथ यांनी सुरू केलेल्या 'परी' या ग्रामीण भारताच्या संग्रहात तर देशभरातल्या जिल्ह्याजिल्ह्यांतले चेहरे गोळा करण्याचा एक वेगळा प्रकल्पच आहे. 'एक कोळी' असं लिहिणं सोपं असतं. त्याऐवजी नाव, काम, गाव लिहा, त्यांनी लिहू दिलं तर. मेस्सीच्या पाठीवर नाव असतं म्हणून लांबूनही तो कळतो. इथल्यांच्या पाठीवर ते नसतं, म्हणून ते तुमच्या वहीत हवं.

आणि शेवटी, प्रिंट. व्हॉट्सॲपवर पाठवलेला फोटो आठवड्यात खाली जातो. हातात दिलेला चार बाय सहाचा कागद कपाटाच्या काचेला, आरशाच्या कडेला, गावी जाणाऱ्या बॅगेत जातो. खर्च फार नाही, तीन-चार मित्रांनी मिळून केला तर जाणवतही नाही. आखातात असलेल्या मुलासाठी आईचा फोटो, आणि आईसाठी बंदरावर काम करणाऱ्या मुलाचा; अशी प्रिंट जिथे पोहोचेल तिथे ती स्पर्धेपेक्षा जास्त दिवस टिकेल.

२० जुलैच्या पहाटे कप कुणीतरी उचललेला असेल. ३१ जुलैला बंदी संपेल, बोटी पुन्हा पाण्यात जातील. ऑगस्टमध्ये कॉलेजच्या कॉरिडॉरमध्ये दोरी बांधा, चिमट्यांनी वीस-पंचवीस फोटो लावा, खाली नावं लिहा. आणि उद्घाटनाला पाहुणे म्हणून ज्यांचे फोटो आहेत त्यांनाच बोलवा.