वेलांटी कुठवर न्यायची?

विंडोज २००० बाजारात आले, तेव्हापासून पुढची कितीतरी वर्षे मराठी माणसाने संगणकाच्या पडद्यावर जे मराठी वाचले, त्यातले बरेचसे एकाच माणसाच्या अक्षरात वाचले. त्या अक्षराचे नाव ‘मंगल’ आणि ते घडवणारे र. कृ. जोशी. जन्म १९३६चा, गाव संगमेश्वर. शिक्षण जे. जे.मध्ये, उमेदीची वर्षे जाहिरातीच्या धंद्यात, ‘उल्का’त कलादिग्दर्शक म्हणून. पुढे १९८३पासून पवईच्या आयआयटीत, इंडस्ट्रियल डिझाइन सेंटरमध्ये (आयडीसी) प्राध्यापक. शिवाय लघुनियतकालिकांच्या पिढीतले कवी, तेही असे की कागदावरची अक्षरांची मांडणी हीच त्यांची कविता. २००८मध्ये ते गेले. त्यांच्या अक्षरात आपण अर्ज केले, लग्नपत्रिकांचे मजकूर पाठवले, सोसायटीच्या नोटिसा लावल्या. पण हे अक्षर कुणाचे, असे विचारले तर चांगले वाचणारेही गप्प बसतात.

फॉन्ट करणारा म्हणजे सुंदर अक्षर काढणारा, असा एक गैरसमज आहे. अक्षरकार कमल शेडगे नाटकाचे नाव रंगवत, तेव्हा त्या चार-सहा अक्षरांना फक्त एकमेकांशी जमवून घ्यायचे असे. नाटकाच्या जाहिरातीत त्या नावाचा झोक असा असे की प्रयोगाला जायच्या आधीच नाटकाचा स्वभाव कळावा. ही वेगळी कला आहे आणि मराठीत ती फार वरच्या दर्जाची झाली. टाइप डिझायनरची अडचण निराळी. त्याच्या ‘क’ला उद्या कोण शेजारी येणार आहे, हे त्याला ठाऊक नसते. ‘क’ने ‘क्लेश’मध्येही नीट वागले पाहिजे आणि ‘काकडी’तही. एकही अक्षर पुढे पुढे करता कामा नये. म्हणूनच चांगला फॉन्ट डोळ्यांत भरत नाही, आणि त्याच्या कर्त्याचे नावही कुणाच्या तोंडी येत नाही.

हा धंदा मुंबईला नवा नाही. जावजी दादाजी नावाचा मुलगा अमेरिकन मिशनच्या छापखान्यात खिळे, म्हणजे छपाईची धातूची अक्षरे, घासायला लागला आणि मोठेपणी त्याने स्वतःचा खिळ्यांचा कारखाना काढला. १८६९मध्ये निर्णयसागर छापखाना उभा राहिला. त्यांच्या खिळ्यांचे पंच कोरणारे राणोजी रावजी आरू. निर्णयसागरचे वळण पुढे देशभरच्या संस्कृत ग्रंथांचे वळण झाले. पोलादाच्या कांडीवर उलटे अक्षर कोरायचे, ते तांब्यात ठोकून साचा करायचा, साच्यात शिसे ओतायचे. या कामात सोनाराची नजर लागे. कंपोझिटरच्या केसमध्ये देवनागरीसाठी शेकडो घरे असत, कारण जोडाक्षरे, मात्रा, रफार यांचे खिळे वेगवेगळे. पुढे यंत्रजुळणी आणि टंकलेखन यंत्र आले आणि यंत्राला झेपेल तेवढीच देवनागरी ठेवायची असे सुरू झाले. जोडाक्षरे तोडली, पाय मोडले, वेलांट्या आखडल्या. लिपीने यंत्रापुढे मान तुकवल्याचा तो काळ. संगणकाने खरे तर ती सक्ती संपवली. आता खिळा नाही, केस नाही, हवी तितकी अक्षरे करा.

हवी तितकी म्हणजे किती? रोमन लिपीची मोठी-धाकटी मिळून बावन्न अक्षरे. युनिकोडने देवनागरीला १२८ जागा दिल्या आहेत, पण त्या फक्त मूळ वर्णांच्या आणि चिन्हांच्या. प्रत्यक्ष फॉन्टमध्ये जोडाक्षरे आणि त्यांची रूपे धरून पाचशे-सातशे, कधी हजाराच्या घरात आकृत्या होतात. धंद्यातली मंडळी त्यांना ‘ग्लिफ’ म्हणतात.

एकट्या ऱ्हस्व वेलांटीचेच घ्या. ती उच्चारायची अक्षरानंतर, पण लिहायची आधी, आणि तिचा पिसारा अक्षराच्या डोक्यावरून जाऊन त्याच्या कान्यावर, म्हणजे उभ्या दंडावर, टेकला पाहिजे. ‘रि’मध्ये तो जेमतेम निघतो, ‘षि’मध्ये लांब जातो आणि ‘स्त्रि’ किंवा ‘त्स्यि’सारख्या लांबलचक जोडाक्षरावर तर त्याला मोठी मजल मारावी लागते. एकच वेलांटी काढून सगळीकडे चिकटवली तर ती अर्ध्यावर लोंबकळते. म्हणून डिझायनर वेगवेगळ्या लांबीच्या अनेक वेलांट्या काढतो आणि कोणत्या अक्षरावर कोणती बसवायची, याचे नियम फॉन्टच्या पोटात लिहून ठेवतो. चित्रकलेचे काम इथे संपते आणि प्रोग्रॅमिंग सुरू होते. शिरोरेषेचेही तसेच. दोन अक्षरांच्या रेघा नुसत्या एकमेकींना भिडून भागत नाही. त्या केसभर एकमेकींवर चढवाव्या लागतात, नाहीतर मोठ्या फलकावर मध्ये पांढरी फट दिसते. आपल्याकडच्या होर्डिंगवर अशा फटी मोजत बसलात तर सिग्नल कधी सुटला ते कळणार नाही.

त्यात मराठीचे स्वतःचे हट्ट आहेत, आणि ते रास्त आहेत. आपला ‘ल’ पाकळीचा, आपला ‘श’ देठाचा. हिंदीत ही अक्षरे वेगळ्या वळणाची. राज्य सरकारने २०२२मध्ये वर्णमालेचा जो शासन निर्णय काढला, त्यातही हीच रूपे सांगितली आहेत. चांगल्या फॉन्टमध्ये दोन्ही रूपे असतात आणि मजकुराची भाषा मराठी आहे असे संगणकाला सांगितले की रूप बदलते. सांगतो कोण, हा प्रश्न वेगळा. ‘ॲ’ या साध्या अक्षराला युनिकोडमध्ये जागा मिळायला २००८ उजाडले. आणि ‘आचार्यांना’ व ‘आचाऱ्यांना’ एकाच पंगतीत बसवणारा फॉन्ट मराठीला चालत नाही. हे सगळे पाळून कॅनडातल्या ‘टायरो’ या फाउंड्रीने, म्हणजे फॉन्ट घडवणाऱ्या संस्थेने, देवनागरीची हिंदी, मराठी आणि संस्कृत अशी तीन वेगळी रूपे केली आणि फुकट वापरायला दिली. हे काम आपल्याकडच्या एखाद्या प्रकाशकाने करवून घेतले असते तर अभिमान वाटला असता.

करणारी माणसे आपल्याकडे नाहीत असे मात्र नाही. गेल्या पंधरा-सोळा वर्षांत या क्षेत्राला खरोखर बहर आला आहे. अहमदाबादेत २००९मध्ये ‘इंडियन टाइप फाउंड्री’ सुरू झाली. तिचा ‘पॉपिन्स’ आज जगभरच्या वेबसाइटवर दिसतो. त्यातली देवनागरी निनाद काळे यांची. मुंबईतल्या ‘एक टाइप’ या गटाचे ‘मुक्त’ आणि ‘बालू’ तुम्ही नाव न कळताही रोज पाहत असता. गिरीश दळवी, सारंग कुलकर्णी, नूपुर दाते ही या गटातली माणसे. ‘बालू’ तर नऊ भारतीय लिप्यांत केला आणि लिपीगणिक त्याचे नाव बदलले: गुजरातीत भाई, पंजाबीत पाजी, बंगालीत दा, मल्याळममध्ये चेट्टन. असा मिस्कीलपणा सरकारी समितीला सुचला नसता. याच गटाचा ‘मोदक’ हा फॉन्ट इतका गुबगुबीत की अक्षरांच्या पोटातली पोकळी जवळजवळ बुजलेली, तरी अक्षर वाचता येते; आणि ‘जैनी’ हा कल्पसूत्राच्या जुन्या हस्तलिखितांच्या वळणावर बेतलेला.

या वाटेला जाणारा तरुण साधारणपणे जे. जे.ची उपयोजित कला, पवईचे आयडीसी किंवा अहमदाबादची राष्ट्रीय डिझाइन संस्था (एनआयडी) इथून येतो. काही जण पुढे इंग्लंडात रेडिंगला टाइप डिझाइन शिकतात. आयडीसीने २००८पासून ‘टायपोग्राफी डे’ भरवायला सुरुवात केली आणि विखुरलेली मंडळी एकमेकांना भेटू लागली. याच आयडीसीत संशोधन केलेल्या डी. उदयकुमार यांनी देवनागरी ‘र’ आणि रोमन ‘आर’ यांचा मेळ घालणारे रुपयाचे चिन्ह केले; २०१०मध्ये ते चिन्ह सरकारने स्वीकारले. घरच्यांना करिअर समजावून सांगायला असे एखादे उदाहरण बरे पडते.

पण पोट कशावर भरते? नव्या फॉन्टांपैकी बरेच गूगलच्या पैशावर उभे राहिले आणि खुल्या परवान्याने फुकट वाटले गेले. वाचकाचा त्यात फायदाच झाला. डिझायनरला मात्र पैसे एकदाच मिळाले. बाकीचा संसार चालतो तो कंपन्यांसाठी खास फॉन्ट करून, लोगो आणि सिनेमाची नावे करून, शिकवून. मराठी वृत्तपत्र किंवा प्रकाशक स्वतःसाठी अक्षर घडवून घेतो, असे क्वचितच घडते. आपल्या डीटीपीच्या दुकानांत फॉन्ट पेन ड्राइव्हवरून इकडून तिकडे जातात आणि त्याला कुणी चोरी म्हणत नाही. अजूनही कितीतरी पुस्तके युनिकोडच्या आधीच्या फॉन्टांत जुळवली जातात; दुसऱ्या संगणकावर ती फाइल उघडली की मराठीच्या जागी रोमन चिन्हांची खिचडी. कारण विचारले तर उत्तर येते, ‘इनडिझाइनमध्ये युनिकोड तुटतो.’ तो तुटतो, कारण भारतीय लिप्या सांभाळणारा कंपोझर त्या सॉफ्टवेअरमध्ये निवडावा लागतो आणि तेवढे कुणी सांगितलेले नसते. एका खटक्याचे काम आहे.

आपल्या पुस्तकांच्या श्रेयपानावर अक्षरजुळणी कुणाची, मुखपृष्ठ कुणाचे, छपाई कुठली, इतकेच काय, कधी बांधणी कुणी केली तेही असते. मजकूर कोणत्या अक्षरात आहे आणि ते अक्षर कुणी घडवले, हे नसते. जगात इतरत्र अनेक प्रकाशक ते शेवटच्या पानावर आवर्जून छापतात. प्रकाशकांना एवढीच विनंती: फॉन्टचा परवाना रीतसर घ्या, आणि पुढच्या आवृत्तीपासून मुखपृष्ठकाराच्या खाली ही एक ओळ वाढवा. त्यासाठी जास्तीचा कागद लागत नाही.