आगंतुक आणि घरधनी

परमुलखातून पोटापाण्यासाठी आलेल्या माणसाला राष्ट्राने आपल्यात सामावून घ्यावे की उंबरठ्यावरूनच परत पाठवावे, हा वाद आज अनेक देशांत चालू आहे. त्याचा साद्यंत इतिहास एकाच भूमीवर पाहावयाचा असेल, तर दृष्टी अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांकडे वळवावी लागते. तेथील मूळच्या जमाती आणि आफ्रिकेतून गुलाम करून आणलेले लोक यांची कहाणी निराळी. बाकीच्या बहुतेकांचे पूर्वज केव्हा ना केव्हा दैव अजमावण्यासाठी बाहेरूनच आलेले. तरीही कालचा आगंतुक आज घरधनी झाला, की उद्याच्या आगंतुकाकडे तो संशयाने पाहू लागतो, असा अनुभव त्या देशात पिढ्यान् पिढ्या येत राहिला आहे.

या वादात दोन प्रश्न नेहमी एकमेकांत गुंतलेले असतात. पहिला हिशेबाचा. नव्याने येणाऱ्यांमुळे मजुरीचे दर उतरतात काय? सरकारी तिजोरीवर भार पडतो काय? उद्योगधंदे वाढतात काय? दुसरा प्रश्न आपलेपणाचा. हे राष्ट्र कोणाचे, आणि त्यात स्थान कोणाला? पहिल्याचे उत्तर निदान आकड्यांच्या आधाराने शोधता येते. दुसऱ्याचे तसे शोधता येत नाही. म्हणूनच दुसरा प्रश्न पुष्कळदा पहिल्याचा वेष घेऊन सभेत येतो.

चिनी मजुरांचे उदाहरण पाहावे. सिएरा नेवाडाचे पहाड फोडून पश्चिमेकडील लोहमार्ग घालण्याचे काम मुख्यतः त्यांनी केले. तो मार्ग १८६९ साली पुरा झाला आणि १८८२ साली चिनी मजुरांना देशात येण्यास कायद्याने बंदी झाली. ते थोड्या मजुरीवर राबतात, ही स्थानिक कामगारांची तक्रार सर्वस्वी निराधार नव्हती. परंतु त्याच कायद्याने चिनी माणसाला नागरिकत्वही नाकारले. त्याचा मजुरीच्या दराशी काहीच संबंध नव्हता. १९१७ च्या कायद्याने हे दार भारतासह आशियाच्या बहुतेक भागाला बंद झाले. पहिल्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्यात नोकरी केलेले भगतसिंग थिंड नागरिकत्वासाठी सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. १९२३ साली न्यायालयाने त्यांना, ते ‘गोरे’ नाहीत या कारणावरून, अपात्र ठरविले.

पुढच्याच वर्षी हिशेब आणि आपपरभाव यांची सांगड अधिक चातुर्याने घालण्यात आली. १९२४ च्या कायद्याने प्रत्येक देशाला प्रवेशाचा ठरावीक वाटा मिळाला. १८९० च्या खानेसुमारीत त्या देशात जन्मलेले जितके लोक अमेरिकेत आढळले होते, त्यांच्या दोन टक्के इतका तो वाटा. ताज्या खानेसुमाऱ्या हाताशी असताना चौतीस वर्षांपूर्वीची का निवडली? इटालियन, पोलिश आणि ज्यू लोकांची मोठी लाट १८९० नंतर आली होती, हे त्याचे कारण. इटलीचा वार्षिक वाटा बेचाळीस हजारांवरून चार हजारांच्याही खाली आला. गणित बिनचूक होते. गणितासाठी निवडलेले वर्ष तेवढे निःपक्षपाती नव्हते.

अशा गणिताची किंमत कधी कधी प्राणांनी मोजावी लागते. १९३९ साली ‘सेंट लुई’ नावाची बोट नऊशेहून अधिक उतारू घेऊन जर्मनीतून निघाली. त्यांतील बहुतेक ज्यू निर्वासित होते. क्यूबाने थोडक्यांनाच उतरू दिले. फ्लॉरिडाचा किनारा दृष्टिपथात आला. पण जर्मनीच्या वाट्यासाठी लागलेली रांग काही वर्षे पुरेल इतकी लांब होती आणि अपवाद करण्यात आला नाही. बोट युरोपात परतली. तिच्यावरील दोनशे चौपन्न माणसे पुढे नाझींच्या संहारात मृत्यू पावली.

आता हिशेबाच्या प्रश्नाकडे वळू जाता, तेथेही उत्तर सरळ मिळत नाही. १९४२ पासून मेक्सिकोतील शेतमजुरांना कराराने आणण्याची एक योजना चालू होती. स्थानिक मजुरांची मजुरी वाढावी, या हेतूने ती १९६४ च्या अखेरीस बंद करण्यात आली. अर्धशतकानंतर अर्थशास्त्रज्ञांनी जुन्या नोंदी पडताळून पाहिल्या. ज्या राज्यांत हे मजूर पुष्कळ होते आणि ज्यांत ते मुळीच नव्हते, त्या दोहोंतील मजुरी सारख्याच गतीने वाढत गेलेली दिसली. माणसे गेली तेव्हा कॅलिफोर्नियाच्या बागाइतदारांनी टोमॅटो तोडणारी यंत्रे आणली होती. ज्या पिकांना यंत्र नव्हते, त्यांची लागवड कमी झाली होती.

१९८० साली काही महिन्यांत सुमारे सव्वा लाख क्यूबन लोक फ्लॉरिडात उतरले आणि मायामी शहरातील कामकऱ्यांची संख्या एकाएकी सात टक्क्यांनी वाढली. डेव्हिड कार्ड यांनी १९९० साली दाखविले, की तेथील मजुरीवर याचा म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. जॉर्ज बोर्हास यांनी पुढे तेच आकडे निराळ्या रीतीने मांडून, अल्पशिक्षित मजुरांची मजुरी बरीच घसरली, असा निष्कर्ष काढला. तो नमुना फार लहान होता, असा आक्षेप इतरांनी घेतला. हे दोघेही पंडित स्वतः परदेशातून अमेरिकेत आलेले: एक कॅनडातून, दुसरे क्यूबातून. आगंतुक म्हणून येणाऱ्यांचेही या विषयावर एकमत नसते, हे यावरून दिसते.

२०१६ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय विज्ञान अकादमीने या साऱ्या संशोधनाचा आढावा घेतला. दीर्घकाळाचा विचार केला तर एकंदर मजुरीवर परिणाम अल्प होतो. जो तोटा होतो तो बहुधा अल्पशिक्षितांना आणि आधी आलेल्या स्थलांतरितांना सोसावा लागतो. पहिल्या पिढीच्या मुलांच्या शिक्षणाचा खर्च राज्यांवर आणि नगरपालिकांवर पडतो; तीच मुले मोठी झाल्यावर करांच्या रूपाने भरघोस परतफेड करतात. लाभ संपूर्ण राष्ट्राचा आणि उशिराने येणारा. भार विशिष्ट गावांचा, विशिष्ट थरांचा आणि आजचा. वादाची कटुता येथून उगवते. ज्याच्या खांद्यावर भार आहे, त्याला राष्ट्राच्या सरासरीने समाधान कसे वाटावे?

कायदा करणाऱ्यांची दूरदृष्टीही येथे वारंवार फसलेली आहे. १९२४ ची वाट्यांची पद्धत रद्द करणाऱ्या कायद्यावर अध्यक्ष जॉन्सन यांनी ३ ऑक्टोबर १९६५ रोजी स्वातंत्र्यदेवतेच्या पुतळ्यापाशी सही केली. हा काही क्रांतिकारक कायदा नव्हे, असे त्या वेळी ते म्हणाले. नातेवाइकांना अग्रक्रम असल्यामुळे युरोपीयांचेच आप्त येतील, असा पुष्कळांचा कयास होता. प्रत्यक्षात आशिया आणि लॅटिन अमेरिकेतून लोक आले. उलट, करार संपलेले मेक्सिकन मजूर त्याच शेतांवर येतच राहिले. फक्त कायद्याच्या लेखी ते आता बेकायदा ठरले. परदेशात जन्मलेल्यांचे प्रमाण १९७० साली लोकसंख्येच्या पाच टक्क्यांहून कमी होते. २०२३ साली ते चौदा टक्क्यांवर, म्हणजे जवळजवळ १९१० च्या पातळीवर गेले आणि वादही त्याच तीव्रतेने परतला.

१९४६ च्या कायद्याने भारताच्या वाट्याला वर्षाला अवघ्या शंभर जागा आल्या होत्या. १९६५ नंतर मुंबई-पुण्याकडील डॉक्टर आणि इंजिनिअरही त्या दारातून आत गेले आणि आज अनेक मराठी घरांतील एखादा मुलगा वा मुलगी तेथे स्थायिक आहे. अशा घरांना हा वाद दोन्ही अंगांनी कळू शकतो. आपल्या मुलाला तेथे गुणांवर तोलले जावे, जन्मस्थानावर नव्हे, असे त्यांना वाटते. आणि आपल्या गावात बाहेरची माणसे आली, की कामाची आणि जागेची काळजीही वाटते. दोन्ही भावना खऱ्या आहेत. काळजीला हिशेबाने उत्तर द्यावे आणि ज्याचे खरोखर नुकसान होते त्याचे ते भरून द्यावे. पण मुलासाठी मागितलेले माप दारी आलेल्याला लावताना बदलू नये.