कृतीचं वर्ष नक्की कोणतं?

प्रबंध लिहिताना आपण कृतीच्या नावापुढे कंसात एक वर्ष टाकतो आणि पुढे जातो. पण ते वर्ष कशाचं? लिहिल्याचं, लोकांसमोर आल्याचं की छापल्याचं? डच संगीतकार माटाइस फर्म्यूलन (१८८८–१९६७) यांची दुसरी सिम्फनी घ्या, म्हणजे फरक लगेच कळेल.

मोठ्या ऑर्केस्ट्रासाठीची ही रचना त्यांनी १९१९-२० मध्ये लिहिली. तिच्या फ्रेंच नावाचा अर्थ ‘नव्या दिवसाची नांदी’. एक मुख्य धून आणि बाकीची वाद्यं साथीला, असं इथे नाही. अनेक स्वतंत्र धुनी एकाच वेळी चालतात. त्या एकमेकींवर आदळतात तेव्हा कानाला टोचणारे स्वरमेळ तयार होतात.

आणि ती पहिल्यांदा वाजली कधी? थेट १९५३ मध्ये, ब्रुसेल्सला!

एवढा उशीर का? फर्म्यूलन हे तिखट लिहिणारे संगीत-समीक्षकही होते. ॲमस्टरडॅमच्या कॉन्सर्टखेबाऊ ऑर्केस्ट्राचे प्रमुख मेंगेलबर्ग यांनी त्यांची पहिली सिम्फनी नाकारली, वर ‘आमच्या डॉपरकडे शिका’ असा सल्ला दिला. नोव्हेंबर १९१८ मध्ये याच डॉपर यांची सिम्फनी संपल्यावर फर्म्यूलन सभागृहात ओरडले, ‘सूझा झिंदाबाद!’ सूझा म्हणजे लष्करी बँडच्या धुनींसाठी प्रसिद्ध असलेला अमेरिकन संगीतकार. काहींना मात्र ‘ट्रुलस्त्रा’ ऐकू आलं. या समाजवादी नेत्याने त्याच महिन्यात क्रांतीची हाक दिली होती, त्यामुळे मोठा गोंधळ उडाला. दुसरी सिम्फनीही मेंगेलबर्ग यांनी वाजवली नाही. १९२१ मध्ये फर्म्यूलन फ्रान्सला निघून गेले.

आता संशोधनाकडे येऊ. ‘१९२० मध्ये एक डच संगीतकार असा विचार करत होता’ हे विधान स्वरलिपीवरून सिद्ध करता येतं. ‘या सिम्फनीने त्या दशकाचं संगीत बदललं’ हे मात्र टिकत नाही, कारण ती कुणी ऐकलीच नव्हती. ‘काळाच्या पुढची म्हणून नाकारली’ हेही सरसकट लिहू नका. नावीन्य नडलं की भांडण? दोन्हींसाठी वेगळा पुरावा लागतो: पत्रं, कार्यक्रमपत्रिका, वर्तमानपत्रं.

म्हणून आपल्या तक्त्यात वर्षाचा एकच रकाना ठेवू नका. रचना, पहिला प्रयोग, प्रकाशन असे तीन करा. प्रभावाबद्दल लिहिण्याआधी दुसरा आणि तिसरा रकाना बघा.