शेतकऱ्याच्या घरी पाने असावेत

ऐन रब्बीत गव्हास पाण्याची पाळी द्यावयाची आणि नेमका सक्शन पाइपाच्या फ्लँजचा नट सैल होऊन सांध्यातून हवा शिरावयाची! पंप पाणी ओढीनासा होतो. काम पाच मिनिटांचे. परंतु घरी योग्य पाना नसल्यास तालुक्याहून मिस्त्री येईपर्यंत दिवस जातो. पुष्कळजण मग पकडीनेच नट फिरवितात. पकड घसरते, नटाचे कोपरे झिजतात व पुढे तो छिन्नीने तोडावा लागतो.

यास्तव ६ ते २२ मिलिमीटरपर्यंतच्या दुतोंडी पान्यांचा संच प्रत्येक बागाईतदाराने बाळगावा. जालंधर व लुधियाना येथे तयार होणारे असे पाने बेताच्या किमतीत मिळतात. मात्र घेताना पाना नटावर बसवून पाहावा. तोंड खेळत असेल तर तो फुकटही घेऊ नये. पान्यावरील आकडा नटाच्या समोरासमोरील बाजूंमधील अंतर दर्शवितो, बोल्टची जाडी नव्हे. ८ मिलिमीटरच्या बोल्टास सामान्यतः १३ चा पाना लागतो.

घट्ट नटास रिंग पाना उत्तम, कारण तो सर्व कोपरे धरतो. सरकत्या जबड्याचा पाना वापरणे झाल्यास जोर स्थिर जबड्यावर पडेल असा धरावा. दांड्यास नळी घालून जोर करण्याची खोड वाईट. तीत आटे जातात, बोल्ट तुटतो, प्रसंगी हातही दुखावतो. गंजलेल्या नटावर आदल्या रात्री थोडे तेल सोडावे व सकाळी, इंजिन वा मोटार बंद असल्याची खात्री करूनच, पाना लावावा.